कपाशी फुटल्यावर, पाच वाजता

दारव्ह्याचे नागोराव गावंडे काळ्या कापडाखाली डोके घालून आठवडी बाजारात लोकांचे फोटो काढीत. त्यांचे पुत्र किसनराव यांनी पेठेत स्टुडिओ उघडला. किसनरावांचे पुत्र सदाशिवराव यांनी त्या स्टुडिओत बंगला आणि कारंजे रंगवलेला पडदा लावला आणि एक नियम घातला : गावंड्यांनी उघड्यावर कोणाचाही फोटो काढायचा नाही. या नियमामागे एक जुने शल्य होते. ते त्याच्या वेळी सांगितले जाईल. त्या सदाशिवरावांचा मुलगा अमर. ही गोष्ट त्याची, आणि कोणालाही न जुमानणाऱ्या एका मुलीची.

वैशाखातली सकाळ होती. सदाशिवराव एका लग्नाच्या कामावर गेले होते, म्हणून त्या दिवशी दुकानात अमर बसला होता. आर्णी रस्त्यावरच्या खेड्यातली सुरभी आत शिरली आणि तिने काउंटरवर एक पाकीट आपटले.

"हा फोटो कोणाचा आहे?"

अमरने फोटो पाहिला. मग तिच्याकडे पाहिले... जरा जास्तच वेळ.

"पाकिटावर तर सुरभी लिहिलं आहे."

"सुरभी मी आहे. ही गोरी बाई कोण, मले माहीत नाही. माझा रंग कुठं ठेवला तुम्ही?"

"बाबांनी कॉम्प्युटरवर जरासा... तुमच्या घरूनच कोणी सांगितलं असंन."

"संगीताकाकूनं सांगितलं. पण तोंड माझं आहे नं? पुण्याचे पाव्हणे दिवाळीनंतर पाहाले येतीन, तवा काय पीठ फासून बसू?"

अमर हसला. ती हसली नाही.

"उद्या दुपारी बाराले आमच्या वावरात या. मी तिथंच असते. जशी आहे, तशी काढा."

"वैशाखात? बाराले? ऊन डोक्यावर असते. डोळ्याच्या जागी दोन खड्डे येतात. अन् तुमचे डोळे—" तो अडखळला.

"माझे डोळे काय?"

"...खड्ड्यात घालाच्या लायकीचे नाहीत."

सुरभीने मान वळवली. पण ओठाचा एक कोपरा तिचे ऐकेना.

"मंग कधी?"

"कपाशी फुटल्यावर. कार्तिकात, संध्याकाळी पाचले."

"सहा महिने! एका फोटोले?"

"तुमचाच रंग पाहिजे नं? मंग त्याले त्याचं ऊन भेटू द्या."

तेव्हापासून दर महिन्याला अमरची मोटारसायकल त्या वावराच्या धुऱ्याशी, बांधालगत, उभी राहू लागली. कारण एकच — प्रकाश पाहणे. आषाढात त्याने प्रकाश मऊ पण निर्जीव ठरवला. भाद्रपदात तर त्याने डोळे बारीक करून सुरभीच्या हनवटीकडेच पाहिले.

"आज काय खोट आहे उनात?" खुरपे थांबवून तिने विचारले.

"हिरवं आहे. कपाशीच्या पानाचा रंग तुमच्या हनवटीवर येऊन राह्यला."

"उनाले नावं ठेवता ठेवता पेट्रोल किती जाळलं?"

"मोजलं नाही."

"मोजू बी नका," ती म्हणाली आणि लगबगीने पुन्हा निंदू लागली.

कार्तिकात कपाशी फुटली आणि सदाशिवरावांना सारे समजले. त्यांनी मुलाला समोर उभे केले.

"त्याच घरची मुलगी? तिच्या आजीचा, कोकिळाबाईंचा फोटो तुह्या आजोबानं काढला होता. वावरात, वैशाखात, भर दुपारी. जितकं ऊन जास्त तितका फोटो उजळ, असं वाटे त्याईले. चेहरा काळा ठिक्कर आला. स्थळ परत गेलं. कोकिळाबाई एवढंच म्हणाल्या, 'किसनराव, माझा एक फोटो तुमच्याकडं बाकी राह्यला.' तो त्याईले मरेपर्यंत देता आला नाही. आता तू उघड्यावर कॅमेरा काढशीन, तर या दुकानात पाय ठेवू नको."

अमरने दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली, कॅमेरा गळ्यात घातला आणि तो निघाला.

पाच वाजले होते. सूर्य पश्चिमेला उतरला होता, आणि फुटलेली पांढरी बोंडे तो तिरपा उजेड खालून सुरभीच्या चेहऱ्यावर परत टाकीत होती. तिच्या डोळ्यांखाली सावलीचा लवलेश उरला नाही. कमरेला कापसाने भरलेली ओटी, केसांत एक चुकार पाकळी.

"हसू?"

"नका. रागावलेल्याच बऱ्या दिसता."

ती रागावली, आणि फोटो निघाला. उन्हात रापलेला तिचा सावळा रंग तांब्याच्या घागरीसारखा झळकत होता.

शेजारच्या ओळीत कापूस वेचणाऱ्या संगीताकाकूंनी येऊन कॅमेऱ्यात डोकावून कपाळावर हात मारला. "हा पुण्याले पाठवाचा? येतच नाहीत मंग ते!"

"नको येऊ देऊ. मले पाहाले ते कायले पाहिजेत?" सुरभी अमरकडे वळली. "खरं सांगा. दर महिन्याले प्रकाशच पाहाले येत होता?"

"प्रकाश तर... पहिल्याच खेपेले समजला होता."

"मंग?"

"मंग तुम्ही होत्या."

"एवढं बोलाले सहा महिने?"

"कपाशी फुटाची होती नं..."

तेवढ्यात धुऱ्यावरून काठीचा आवाज आला. त्र्याहत्तर वर्षांच्या कोकिळाबाई ताठ मानेने कपाशीत येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी तोंड उघडताच त्यांनी काठी वर केली.

"दिवस अजून बोटभर आहे, पोरा. आधी तुह्या आजोबाचं देणं दे. त्याच्याबिगर आमची पोट्टी भेटत नाही."

अमरने वाकून नमस्कार केला. मग कॅमेरा उचलला.

चौथ्या दिवशी सदाशिवराव स्वतः त्या घरी गेले. काखेत कापडात गुंडाळलेली चौकट होती; अमरने पाठवलेला फोटो त्यांनी स्वतः छापून तीत बसवला होता. तिथे आलेल्या अमरच्या हातात त्यांनी आधी दुकानाची किल्ली ठेवली, मग चौकट कोकिळाबाईंपुढे धरली. पांढऱ्या बोंडांच्या उजेडात सुरकुत्या, कुंकू आणि दोन न झुकलेले डोळे — सारे स्वच्छ दिसत होते.

कोकिळाबाईंनी बराच वेळ स्वतःकडे पाहिले. मग पेटीच्या तळातून वैशाखातला तो काळा फोटो काढला आणि सदाशिवरावांच्या हाती दिला.

"घ्या. किसनरावांचं फिटलं."