फाइल वापरात आहे

तीन नंबरच्या रेकॉर्डिंग खोलीबाहेर आम्ही दोघं एकाच वेळी पोचलो आणि चोर सापडल्यासारखं एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही उघडता होय ती फाइल," मी म्हटलं.

"मला वाटलं, तुम्ही," तो म्हणाला.

दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या त्या संस्थेत मी नवीन होते. जुन्या सर्व्हरवरची रेकॉर्डिंग नव्यावर हलवायची, हे माझं काम. हलवण्याआधी फाइल कुणी वापरत नाही ना, ते तपासायचं. चालू फाइल ओढली तर आवाज मध्येच तुटतो. बाकीच्या सगळ्या मुकाट आल्या. एकच रोज दुपारी अडून बसायची... 'वापरात आहे', खोली तीन. आणि ती खोली तर आत्या गेल्यापासून बंद होती.

आत्या म्हणजे संस्थेतला सर्वांत जुना आवाज. एक कादंबरी वाचता वाचता त्या आजारी पडल्या आणि शेवटचं प्रकरण राहूनच गेलं. हा त्यांचा भाचा, इथला साउंड रेकॉर्डिस्ट. बारीकशी खरखरही त्याच्या कानातून सुटत नसे, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत.

त्यानं कुलूप काढलं. आत कुणीच नव्हतं. कीबोर्डवर धुळीचा थर, एका बोटाचाही ठसा नाही. कॉम्प्युटर मात्र चालू होता, आणि पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ थरथरत होती. मी हेडफोन उचलला. कोमट लागला... कुणीतरी आत्ताच कानावरून काढल्यासारखा.

"लावून बघू?" मी कुजबुजले.

"नको. वाचताना मध्ये कुणी आलेलं तिला खपायचं नाही."

मी हेडफोन होता तिथेच ठेवला. बाहेर आल्यावर लक्षात आलं, त्याची बाही माझ्या मुठीत होती. त्यानं ती सोडवून घेतली नव्हती.

मग रोज दुपारी आम्ही त्या दाराबाहेरच्या बाकावर बसू लागलो. मी लॅपटॉपवर तपासायचे. फाइल वापरातच असायची, आणि आकारानं आदल्या दिवसापेक्षा किंचित मोठी. तो दाराला कान लावून म्हणायचा, पान उलटल्यासारखं वाटतंय. भीती वाटायची, पण दुपार कधी होते याची वाटही बघायचे. त्यानं सांगितलं, आईच्या माघारी आत्यानंच त्याला वाढवलं. मी सांगितलं, मला अजून दिवा मालवून झोपता येत नाही. तो हसला नाही. आमच्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

एक दिवस संस्थेच्या प्रमुख मॅडमनी मला बोलावलं. जुना सर्व्हर उद्या संध्याकाळी बंद होणार होता. फाइल सुटत नसेल तर जबरदस्तीनं ओढ, नाहीतरी अर्धवटच आहे, असं त्यांचं म्हणणं. माझी नोकरी अजून पक्की नव्हती. तरी मी सांगितलं, कुणी वापरत असेल तर मी ती हलवणार नाही. मग दुसरीकडे काम शोध, त्या म्हणाल्या. कानसेन दारातच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, मग माझाही राजीनामा घ्या.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तरी फाइल अडलेलीच. आम्ही बाकावर, श्वास रोखून. आणि आत खुर्ची सरकली. दार हळूच उघडलं... गार झुळूक आम्हाला चाटून गेली. दारात कुणी नव्हतं.

मी तपासलं. फाइल मोकळी होती.

ती नव्या सर्व्हरवर सुखरूप पोचल्यावर आम्ही एकच हेडफोन मध्ये धरून शेवट ऐकला, गालाला गाल लागेल इतक्या जवळून. राहिलेलं प्रकरण पूर्ण होतं, आत्यांच्याच दमलेल्या आवाजात. मग खोकला, पुस्तक मिटल्याचा आवाज, आणि अगदी जवळून —

"झालं गं बाई एकदाचं. आता तुम्ही दोघं घरी जा."

त्यानं हेडफोन हळूच बाकावर ठेवला.

"दोघं म्हणाली ती," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"मी तुला सांगणारच होतो... धीर होत नव्हता."

"मग आता सांग."

त्यानं सांगितलं, हळू आवाजात, माझा हात हातात घेऊन. मागे तीन नंबरचं दार आपसूक लागलं. आम्ही वळून पाहिलं नाही.