रानकोबीचा कडा

आम्ही तिघं जीव धोक्यात घालून निघालो होतो ते चक्क कोबीसाठी! बोटवाल्याला हे कळलं तेव्हा त्याने सुकाणू धरल्या धरल्या मला आपादमस्तक न्याहाळलं.

"का हो, बाजार बंद पडला का?" त्याने विचारलं.

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. दादा आणि वहिनीसमोर या विषयावर हसायची सोय नव्हती. दादा रसायनशास्त्रज्ञ, वहिनी वनस्पतिशास्त्रज्ञ. मी धाकटा, उंच इमारतींच्या काचा दोरीवर लटकून पुसणारा. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे सगळं खानदान त्या दोघांच्या घरात पाहुण्यासारखं येऊन कायमचं मुक्कामाला राहिलं होतं. दादाचं म्हणणं असं, की माणसाने कोबी गोड आणि गुबगुबीत करत आणला, त्या नादात त्याचा कडवटपणा गेला, आणि पेशींना जपणारी कितीतरी अँटिऑक्सिडंट द्रव्यंही त्याबरोबर उणावली. कोबीच्या रानटी भावंडांत ती अजून भरपूर आहेत, हे त्याला मोजून दाखवायचं होतं.

त्यातलं एक भावंड उरलं होतं फक्त एका ओसाड बेटाच्या कड्यावर. वहिनीने पूर्वी त्याचं बी आणून बागेत लावलं होतं. रोपं उगवली, पण खाऱ्या वाऱ्याच्या माराशिवाय त्यांच्या पानांत काही दम राहिला नाही. मोजायची तर कड्यावरचीच पानं हवीत. आणि तो कडा दर वादळात ढासळत चालला होता. दोघांच्या उमेदीची सगळी वर्षं त्या मूठभर पानांत अडकली होती!

बोटवाल्याने आम्हाला कड्याच्या पायथ्याशी उतरवलं आणि सकाळी येतो म्हणून तो गेला. मी वर चढून दोर बांधला. कड्याच्या मध्यावर एक अरुंद कपार होती, जेमतेम एक तंबू मावेल एवढी. तिथे आम्ही सामान टाकलं. सामानात सगळ्यात जड होती दादाची पेटी. पान तुटलं की त्याच्या आतली रसायनं लगेच बदलायला लागतात, म्हणून ते कापल्या क्षणी गोठवावं लागतं. त्यासाठी पेटी कोरड्या बर्फाने भरलेली होती. या बर्फाचं पाणी होत नाही. त्याचा थेट वायू होतो, कार्बन डायऑक्साइड.

"पेटी तंबूत घ्यायची वेळ आली तर दार हातभर उघडं राहिलंच पाहिजे," दादाने आम्हाला बजावलं. "हा वायू हवेपेक्षा जड असतो. जमिनीलगत साचतो. वासही येत नाही."

"झालं का व्याख्यान?" वहिनी म्हणाली. "चला आता, आभाळ बघा कसं झालंय."

आभाळ खरंच काळवंडलं होतं. कपारीच्या वर, जरा बाजूला, उघड्या खडकाच्या भेगांमधून ती झाडं बाहेर आली होती. जाड, निळसर, राखेसारखी साय धरलेली पानं, वाकडीतिकडी खोडं. दिसायला अगदी दरिद्री! पण वहिनीचा चेहरा असा उजळला की मला तिचा हेवा वाटला. दादा पेटीसकट माझ्या शेजारी दोरावर लटकला. मी पान कापायचं, त्याने ते बर्फात टाकायचं. एक, दुसरं, तिसरं... पेटीतून थंडगार वाफ उसळत होती आणि दादा लहान मुलासारखा हसत होता.

"पुरे!" वहिनी खालून ओरडली. "वारा वाढतोय!"

"आणखी दोनच!" दादाने पाय सरकवला.

खडक सुटला! दादा दोरासकट भेलकांडला आणि पेटीसह कड्यावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मला वाऱ्यातही ऐकू आला. त्याला खाली कपारीवर आणेपर्यंत माझे तळहात सोलून निघाले. उजवी नडगी मोडली होती. पेटीच्या तळाला तडा गेला होता. दादाने पाहिलं ते आधी पेटीकडे.

मग वादळाने आम्हाला गाठलं. कपारीवर लाटांचे तुषार येऊ लागले, मग लाटाच! मागच्या बाजूला खडक, पुढे समुद्र. आम्ही दादाला तंबूत निजवलं, डोकं दाराकडे, आणि पेटी दारातच त्याच्या उशाशी ओढून घेतली, कारण बाहेर ठेवली असती तर पहिल्याच लाटेने नेली असती. मी त्याच्या शेजारी सामानाच्या गाठोड्यावर चढून बसलो. हातभर उघड्या ठेवलेल्या दारातून पाणी सपासप आत येत होतं. दादा भिजून थडथड उडत होता. त्याचे ओठ निळे पडले.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तिने दाराची चेन खालपर्यंत ओढली.

"थोडा वेळच," ती म्हणाली. "जरा ऊब आली की उघडते."

खरंच बरं वाटलं. पाणी थांबलं, वारा थांबला. दादाचं कण्हणंही थांबलं. फक्त त्याचा श्वास भराभर चालू होता. दुखत असेल, असं आम्हाला वाटलं. माझं डोकं ठणकत होतं. ते वादळाने ठणकतंय, असं वाटलं. वहिनी गुडघ्यांवर उभी राहून माझ्या डोक्यावर छताची फाटलेली शिवण घट्ट धरून होती.

"भावजी, पाणी गरम करा ना. यांना घोटभर देऊ."

मी स्टोव्ह जमिनीवर ठेवला. काडी ओढली, ती पेटली. खाली नेली, विझली. दुसरी ओढली. दादाच्या छातीपाशी आली आणि विझली!

"काड्या सर्दावल्या वाटतं," मी म्हणालो आणि तिसरी ओढली. माझ्या तोंडापाशी ती छान जळत होती. मी हात खाली केला. ज्योत मेली.

वहिनी किंचाळली. "अहो! अहो, ऐकताय ना?"

दादा ऐकत नव्हता. त्याचा श्वास आता मोठ्या अंतराने येत होता.

मी दाराकडे झेपावलो. चेन उघडली, पण दारात पेटी बसली होती आणि मोडक्या पायाचा दादा तिच्या मागे अडकला होता. पेटी हटल्याशिवाय त्याचं डोकं बाहेर निघणार नव्हतं. बाहेर ठेवायला वीतभरही कोरडी जागा नव्हती. मी वहिनीकडे पाहिलं. एवढी वर्षं!

तिने मला विचारलंच नाही. दोन्ही पाय पेटीला लावले आणि सगळा जीव एकवटून ढकलली!

पेटी कपारीच्या कडेला अडकली. लाट आली. पेटी गेली.

आम्ही दादाच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं. लाटा अंगावर फुटत होत्या. मी एका हाताने दोर धरला, दुसऱ्याने त्याला. वहिनी त्याच्या तोंडात श्वास फुंकत होती, खारं पाणी थुंकत होती, पुन्हा फुंकत होती. किती वेळ, कोण जाणे. मग दादा खोकला. इतका सुंदर खोकला मी जन्मात ऐकला नव्हता! मला रडूच कोसळलं.

सकाळी बोटवाला आला तेव्हा समुद्र दमला होता. दादाला दोराने उतरवून बोटीत निजवलं. बोट वळली तेव्हा कड्याची ती बाजू समोर आली. आमच्या कपारीच्या बाजूला, वर जिथून पानं कापली होती, तिथे काहीच नव्हतं. पिवळा, ताजा, ओला खडक. अख्खा तुकडा झाडांसकट रात्रीत समुद्रात कोसळला होता, आणि लाटांच्या आवाजात आम्हाला ते कळलंही नव्हतं.

दादाने ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "पेटी?"

"समुद्रात," वहिनी म्हणाली. "मी ढकलली. दारही मीच लावलं होतं."

चेहरा दगडासारखा झाला होता तिचा. दादा आता काय बोलेल, याची मला धडकी भरली.

दादाने डोळे मिटले. घोंगडीखालून हात काढून त्याने चाचपत तिचा हात शोधला.

"मीच तर सांगितलं ना तुला," तो म्हणाला. "दार लाव म्हणून. फार थंडी वाजत होती मला."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. दादाने असं काहीही सांगितलं नव्हतं. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

"हो दादा," मी म्हणालो. "तूच सांगितलंस."