सहा भांडी, सदतीस अंश

गोळी विरघळत होती आणि प्रतिदेह ते कबूल करायला तयार नव्हता.

शलाका तांबवेकरने अकराव्यांदा आकडे भरले. अर्ध्या तासात एकसष्ट टक्के औषध पाण्यात उतरलेलं. पडद्यावर अकराव्यांदा तेच उत्तर: ‘अपेक्षित एक्केचाळीस. निरीक्षणात चूक. पुन्हा करा.’

प्रतिदेह म्हणजे माणसाच्या शरीराची गणिती प्रतिकृती. पोट, आतडी, यकृत, सगळं काही. ढेकर तेवढी द्यायचा नाही. गोळीत काय काय घातलंय ते सांगितलं, की ती किती वेळात विरघळेल आणि रक्तात किती उतरेल हे तो क्षणात सांगे. गेली बारा वर्षं नवी गोळी आधी त्याच्या पोटात जाई, आणि तो हो म्हणाला की थेट दुकानात. एम.फार्म.च्या प्रबंधालाही त्याचाच शिक्का लागे. शलाकाची मुदत शुक्रवारी संपत होती. शिक्का नाही तर पदवी नाही, आणि हैदराबादेत ठरलेली नोकरीही नाही.

तिचे मार्गदर्शक, डॉ. विश्वंभर नाईकनवरे, चहाचा कप घेऊनच प्रयोगशाळेत शिरले. प्रयोगशाळेत खाणंपिणं मना आहे, ही दारावरची पाटी त्यांनीच लावली होती.

“अगं, वीस टक्क्यांसाठी काय अडून बसलीस? जुळवून टाक.”

“सर, विरघळण-यंत्राच्या सहाही भांड्यांत तेच येतंय. पाणी सदतीस अंश, पातं मिनिटाला पन्नास फेऱ्या. काहीच चुकलेलं नाही.”

“प्रतिदेहाने विद्यार्थ्यांची साठ हजार प्रात्यक्षिकांची जर्नलं पचवलीत. तुझं एक!”

कोपऱ्यात भांडी विसळणारे परिचर दस्तगीरमामा खुदकन हसले. “जर्नलं मीच पोत्यात भरून दिली की ओ, त्याला शिकवायला. एक बॅच तर पक्की ध्यानात आहे. विरघळण-यंत्राची मोटर जळालेली. जून ते सप्टेंबर यंत्र दुरुस्तीला सांगलीत, टेबलावर नुसता धुळीत उमटलेला त्याचा चौकोन. आणि चोवीस पोरांची जर्नलं आकड्यांनी गच्च! आलेख कसा, ताणून बांधलेल्या दोरीगत.”

“मग आकडे आले कुठून?” शलाकाने विचारलं.

“मागच्या बॅचच्या जर्नलातनं. त्यांनी त्यांच्या मागच्यांचे घेतलेले. एकानं तर पानावरचा चहाचा डागसुद्धा उतरवून घेतला.” मामांनी सरांकडे बघत भांडं उजेडात धरलं. “हजेरी नंबर सतरा मात्र हुशार. त्यानं डाग घेतला नाही, दशांश बदलले.”

सरांचे कान लाल झाले. “पुस्तकातल्या आलेखाशी जुळलं नाही की परीक्षक गुण कापायचे. सगळ्याच कॉलेजांत असंच चालायचं!”

“सगळ्याच?” शलाकाने विचारलं.

प्रतिदेह इमानदार विद्यार्थी होता; शिकवलं तेवढं शिकला होता. त्याच्या गोळ्या फक्त जर्नलात विरघळत होत्या.

शलाकाला जिना आठवला. रोज अकराच्या सुमारास सर चक्कर आल्यागत कठडा धरून मधेच थांबत. सगळं कॉलेज ते बघत होतं. हल्ली पायऱ्या उंच केल्यात, अशी सरांची तक्रार होती.

“सर, रक्तदाबाची गोळी किती वाजता घेता?”

“नऊला. दिवसभर सावकाश विरघळणारी आहे.” ते थबकले. “प्रतिदेहाने मंजूर केलेली.”

कप टेबलावर ठेवून त्यांनी खिशातली पट्टी काढली. तीत सहा गोळ्या उरल्या होत्या. त्यांनी एकेक गोळी तिच्या तळहातावर काढून दिली.

“टाक. या गोळ्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे सावकाश विरघळल्या, तर प्रतिदेह खरा आणि तुझा प्रबंध गेला. भराभर विरघळल्या, तर तुझे आकडे खरे.” मग हलकेच म्हणाले, “आणि दिवसभराचं औषध माझ्या रक्तात एकदम उतरतंय. आठ वर्षं मी या घेतोय.”

मामांनी सहा भांड्यांत ताजं पाणी भरलं. तापमापी सदतिसावर आली. शलाकाने पहिली गोळी चिमटीत धरली आणि हात तसाच थांबला.

“काय झालं?”

“सर,” ती म्हणाली, “आता काय व्हावं असं मी म्हणू?”