अहमदपूरचं करपलेलं लॉन

अहमदपूरच्या पंचाक्षरी अप्पांच्या मंगल कार्यालयाचं लॉन जागोजागी करपलं होतं. कुणीतरी वैरानं विष टाकलं, अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्यांनी नांदेडहून खासगी तपासनीस गीतांजली वाघमारे हिला बोलावलं. सोबत तिचा सहकारी रविकांत होता.

अप्पांचा संशय माळी भीमावर. भरचौकात वाट्टेल ते बोलून त्यांनी त्याला कार्यालयातल्या राहत्या खोलीतून काढलं होतं. भीमा आणि त्याची बायको धुरपता सामान घेऊन फाटकाबाहेर बसले होते.

भीमानं सांगितलं, लॉनमध्ये उगवणारं लव्हाळ्याचं तण तो रोज उपटायचा. जमिनीतल्या गाठीतून लव्हाळा पुन्हा फुटायचा, म्हणून अप्पा चिडायचे. शेजारच्या कार्यालयाचे मालक आनंदराज यांनी अप्पांकडची लग्नं आपल्याकडं वळून फायदा झाल्याचं कबूल केलं. पण ते महिनाभर हैदराबादला दवाखान्यात होते.

अप्पा स्वतः पंधरा दिवस उदगीरला लेकीकडं गेले होते. निघताना लॉन हिरवंगार होतं. लव्हाळ्यावर शेतातलं, सोयाबीनमधल्या तणाचं औषधही ते मारून गेले होते, इतकी त्यांना लॉनची काळजी.

शेडमध्ये फवारणीच्या पंपाशेजारी औषधाची अर्धी बाटली होती. तिच्यावरचं बारीक लिखाण वाचून गीतांजली लॉनवर येऊन बसली. करपलेल्या प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध लव्हाळा ताठ, हिरवा उभा होता.

तिनं सगळ्यांना बोलावलं.

"औषध मारणाऱ्याला लॉन मारायचंच नव्हतं," ती म्हणाली. "फक्त लव्हाळ्याभोवतीच करपलंय. नेम लव्हाळ्यावर होता."

"मग तोच कसा जगला?" रविकांतनं विचारलं.

"याचा दांडा बोटांत फिरव. तीन कडा लागतील. गवताचा दांडा गोल असतो. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. शेडमधलं औषध फक्त गवत मारतं. म्हणून सोयाबीन वाचतं, म्हणूनच लव्हाळाही वाचला."

"आणि लॉन तर गवतच," रविकांत पुटपुटला.

"ते सावकाश मरतं. आठवडा तरी जातो. फवारणारा निघाला, तेव्हा सगळं हिरवंच होतं." ती वळली. "अप्पा, फवारून गावाला कोण गेलं?"

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तसेच फाटकाबाहेर गेले आणि भीमाची पेटी उचलायला वाकले.

मागोमाग आलेल्या भीमानं पेटीवर हात ठेवला.

"सामान मी उचलतो, अप्पा. तुमी चौकात जाऊन सांगा, भीमानं केलं न्हाई म्हणून."

अप्पा सरळ झाले आणि अनवाणीच चौकाकडं चालू लागले.