ब्रेक्यांची भावकी

"उठा! आधी उठा तिथून! ती माझी पणजी आहे."

तो दचकून उभा राहिला. हातात सँडविच, गालाला अंड्याचं सारण... चर्चमागच्या आमच्या दफनभूमीत ओल्गापणजीचा बुटका, सपाट दगड कोणालाही बाकासारखा वाटतो, हे खरं. पण म्हणून त्यावर जेवायला बसायचं?

"माफ करा हं, पणजीबाई," तो दगडाला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आणि पणतीबाई, तुम्हीसुद्धा."

मेला गोड हसला. माझ्या बादलीतलं पाणी माझ्याच बुटात सांडलं.

एलियट ब्रेके. ओरेगॉनहून आला होता, खापरपणजोबाचा माग काढत. अँडर्स ब्रेके नॉर्वेहून इथे मिनेसोटात आला, गवताळ माळ फोडून शेत केलं, एवढंच त्याला ठाऊक. माझे बाबा थडग्यांचे दगड घडवतात आणि मी जुने दगड घासून स्वच्छ करते, त्यामुळे अँडर्सचा दगड मी त्याला लगेच दाखवला. तरी स्वारी जाईना. रोज यायचा, माझी बादली भरून द्यायचा.

"सिग्ने, दगडांना किती हळुवार हात लावतेस गं! माणसांवर मात्र खेकसतेस."

"दगड माझ्या पणजीवर बसून अंडी खात नाहीत ना!"

आणि मग मार्नी उगवली. विस्कॉन्सिनहून. तीही ब्रेकेच. तिचा खापरपणजोबा नील्स, अँडर्सच्याच बोटीतून आलेला, अँडर्सच्या शेजारीच पुरलेला. म्हणजे सख्खे भाऊच असणार, नाही का! झालं... "अय्या, माझा भाऊ!" म्हणत तिने एलियटच्या गळ्यात हात टाकले ते काढीचना. त्याची कॉलर नीट कर, दाढीतला चुरा झटक... मी केलेला रुबार्बच्या आंबट देठांचा केक तर तिने त्याच्या काट्याने खाल्ला! माझा नुसता जळफळाट. मग मनाला समजवायची — अगं, भाऊबहीण आहेत ती, तू कशाला जळतेस?

दोघांनी मिळून बाबांना नवा दगड करायला सांगितला. 'अँडर्स आणि नील्स, दोघे भाऊ.' सोमवारी बाबा अक्षरं कोरायला बसणार होते.

शनिवारी मी नील्सचा दगड घासायला घेतला. नील्स आणि ब्रेके यांच्यामधला शब्द शेवाळ्याने पार बुजला होता. मऊ ब्रश, पाणी, परत ब्रश... अक्षरं वर आली. ओल्सेन. ओलेचा मुलगा.

मी मान वळवली. शेजारी अँडर्सच्या दगडावर स्वच्छ लिहिलेलं होतं — लार्सेन. लार्सचा मुलगा.

आमच्या नॉर्वेच्या जुन्या लोकांची रीतच तशी. मधलं नाव बापाचं, आणि आडनाव ज्या शेतावर राहाल त्या शेताचं. मालकाचंही तेच, गड्याचंही तेच. ओल्गापणजीचा नवरा तिच्या, म्हणजे आजच्या आमच्या, लिएन शेतावर राहायला आला तेव्हा त्यानेही मुकाट्याने लिएन लावलं. ब्रेके हे नुसतं एका शेताचं नाव होतं. बाप वेगळे, कूळ वेगळं. भावकी वगैरे काही नाहीच!

गप्प बसावं असं वाटलं. खरंच वाटलं. नातं होतं तोवर तो तिच्यापासून सुरक्षित होता, आणि आता माझ्याच तोंडाने मी त्याला तिच्या पदरात टाकायचं? पण दगडावर खोटं कोरायचं, तेही माझ्या बाबांच्या छिन्नीने... छे! दोघं आली तशी मी सगळं सांगून टाकलं. एका दमात, रागारागाने.

मार्नीचे डोळे लकाकले. "म्हणजे आम्ही भाऊबहीण नाहीच?"

"नाही."

"अगदी लांबचेसुद्धा?"

"नाही म्हटलं ना!"

तिचा हात त्याच्या बाहीवरून हलला नाही. "एलियट, मग चल की माझ्याबरोबर विस्कॉन्सिनला. तळ्याकाठी घर आहे माझं..."

मी बादली उचलून नळाकडे चालू लागले. डोळे भरून आले होते, पण तिला दिसू देईन तर ना!

बादली कधीची भरून वाहत होती. बऱ्याच वेळाने परत आले तर मार्नीची गाडी नव्हती... आणि एलियट ओल्गापणजीवर बसला होता.

"गेला नाहीस?"

"नको म्हटलं तिला."

"का? आता तर नातंही आड येत नाही."

"जळतेस?"

"जळतंय माझं खेटर!"

"नाक बघ, लाल झालंय."

"हो, जळते! तिने माझा केक तुझ्या काट्याने खाल्ला तेव्हापासून जळते. झालं समाधान?"

तो हसला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. "सिग्ने... जन्मभर ब्रेके-ब्रेके म्हणून मिरवलो. आणि ते निघालं कुठल्याशा शेताचं नाव."

"मग?"

"मग... राहीन त्या शेताचं नाव लावायचं, हीच रीत ना?" त्याने माझ्या हातातली बादली काढून घेतली. बोटं मात्र सोडली नाहीत. "तुमच्या शेताला अजून लिएनच म्हणतात ना?"

बूट परत ओले झाले होते, कुणी सांडलं कुणास ठाऊक.

"आधी ऊठ तिथून," मी कशीबशी म्हणाले. "सासरच्या माणसांवर असं बसतात का?"