सावलीतला सोनटक्का

“याला काय झालंय ते सांगा, पण ओरडू नका,” असं म्हणत त्याने माझ्या टेबलावर कुंडी ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस माझ्या डोक्याला ताप होणार आहे.

नर्सरीच्या मागच्या शेडमध्ये मी बसते. लोक आजारी रोपं आणतात, मी ती तपासते आणि काय करायचं ते सांगते. त्या दिवशी मी शेड बंदच करत होते. दोन मिनिटं उशिरा आला असता तर आमची गाठही पडली नसती, आणि माझं डोकं शांत राहिलं असतं.

कुंडीत सोनटक्का होता. म्हणजे, असावा. चार पिवळट दांडे झाडूच्या काठीला काळ्या टेपने करकचून बांधले होते.

“टेप कशाला?”

“वाकत होते.”

“वाकणारच. आणि कंद कुठे गेला?”

“उघडा पडला होता बिचारा. मी वीतभर खाली पुरला.”

मी कपाळाला हात लावला. सोनटक्का आल्याच्या जातीचा. त्याचा कंद मातीतून थोडा वर डोकावतो आणि त्याला तसंच आवडतं. खोल पुरला की तो कुजतो.

“तुम्ही करता काय?” मी विचारलं.

“लिफ्ट दुरुस्त करतो.”

“मग लिफ्टच करा ना.”

तो हसला. हसताना आधी डोळे बारीक व्हायचे आणि मग ओठ हलायचे. मला राग आलेला असतानाही हे दिसलं, याचाच मला जास्त राग आला.

झाड त्याच्या आत्याचं होतं. आत्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तीन महिने लेकीकडे राहून ती घरी परतणार होती. घरच्या खिडकीत बसायचं आणि सोनटक्क्याचा वास घ्यायचा, एवढंच तिने मागितलं होतं. भाच्याने छातीठोकपणे शब्द दिला होता. झाडातलं ओ की ठो कळत नसताना.

मी कंद उकरला, कुजका भाग कापला, उरलेला तुकडा नव्या मातीत अलगद टेकवला आणि बजावलं, “दिवसातून एकदाच पाणी घाला. माती ओली ठेवा, चिखल नको. सकाळचं ऊन द्या. आणि शनिवारी दाखवायला आणा.”

शनिवारी तो आला. कुंडीखालच्या ताटलीत इतकं पाणी की त्यात होडी चालली असती.

“एकदा घाला म्हटलं होतं मी.”

“सकाळी एकदा घातलं. दुपारी एकदा. संध्याकाळी—”

“एकदा. कळलं.”

पुढच्या शनिवारी नव्या कोंबांचे शेंडे छाटलेले. म्हणे, गुलाबाला छाटतात तसं. मी त्याला समोर बसवलं आणि शाळेत शिकवतात तसं शिकवलं, की बाबा रे, सोनटक्क्याचं फूल दांड्याच्या शेंड्यालाच येतं. शेंडा गेला की त्या दांड्याचं फूल गेलं. फुलून झालेला दांडा मुळाशी कापायचा, न फुललेल्याला हात लावायचा नाही.

“तुम्ही चिडलात की कान लाल होतात तुमचे,” तो म्हणाला.

“मी काय सांगतेय, त्याकडे लक्ष आहे का?”

“आहे ना… कानांकडेही आहे.”

मी खुरपं आपटलं. पण घरी गेल्यावर आरशात कान बघितले, हेही खरं.

नंतर नंतर शनिवार उजाडला की माझं पेरू-लिंबाच्या रोपांत मन लागेना. नर्सरीच्या मालकीणबाई म्हणायच्या, “ताप आज किती वाजता चढणार आहे?” मी म्हणायचे, मला काय ठाऊक. चार वाजून दहा मिनिटांनी, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि सोनटक्का? तो सुधारला. मेला असता तर मी समजू शकले असते, पण तो असा काही तरारला की बघत राहावं. सहा जाडजूड दांडे, हिरवीगार पानं. आणखी महिनाभर ऊन मिळालं की कळ्या. मग फुलं, मग आत्या, आणि मग शनिवारी इथे यायचं कुणाला काय कारण?

“आता काय करायचं?” त्याने खिशातून छोटी वही काढली. लिफ्टच्या नोंदींची वही. एका पानावर वरती ‘सोनटक्का’ असं लिहिलं होतं. “आता तुम्ही सांगाल ते लिहूनच घेतो. माझं शहाणपण बंद.”

मी तोंड उघडलं, आणि त्यातून काय बाहेर पडावं?

“सावलीत ठेवा. पूर्ण सावलीत. मी सांगेपर्यंत.”

त्याने लिहून घेतलं. ‘पूर्ण’ खाली रेघही मारली.

सोनटक्क्याला पूर्ण सावलीत ठेवलं तर नुसती पानं येतात, हे मला झोपेतही सांगता येईल. आठ वर्षांत मी कुणाला चुकीचा सल्ला दिलेला नाही. दिला तो नेमका त्याला. पुढचे तीन शनिवार तो यायचा, “कळी नाही अजून,” म्हणायचा, आणि मी मान हलवायचे… खोटारडी. दर वेळी ठरवायचे, आज सांगू. आणि दर वेळी खताचं काहीतरी बोलून त्याला वाटेला लावायचे.

चौथ्या आठवड्यात बुधवारीच मी त्याचा पत्ता शोधत गेले. पायऱ्या चढताना मनात म्हणत होते, त्याने नेहमीसारखं माझं ऐकलेलं नसू दे. कधी ऐकतो तो? मारे लिहून घेतो, पण झाड उन्हातच असणार.

झाड न्हाणीघराच्या कोपऱ्यात होतं. झरोक्याला त्याने पुठ्ठा लावला होता.

“उजेड येत होता थोडा,” तो अभिमानाने म्हणाला. “बंद केला.”

दोन महिने मी घसा कोरडा केला, तेव्हा या माणसाने एक शब्द ऐकला नाही. आणि अक्षरन् अक्षर पाळलं ते हे. मला हसावं की रडावं कळेना. मी सांगून टाकलं, की सल्ला चुकीचा होता, आणि मी तो जाणूनबुजून दिला होता.

त्याचे डोळे बारीक झाले नाहीत.

“आत्या रविवारी येतेय,” तो हळू म्हणाला. “रोज फोनवर विचारते. मी रोज सांगतो, येतील. का केलंत तुम्ही असं?”

का, ते सांगायला मी तोंड उघडलं. पण पानांवरची धूळच पुसत बसले.

“राहू दे,” तो म्हणाला. “तुम्ही जा.”

मी गेले. शनिवारी चार वाजून दहा मिनिटं झाली, पाच वाजले, सहा वाजले. कुणी आलं नाही. मी एका निरोगी गुलाबाची माती दोनदा बदलली. मला तो हवा होता. कुंडीसकट, टेपसकट, त्या आगाऊ बोलण्यासकट. हे कळायला त्याचं न येणं लागलं.

रविवारी मी पुन्हा त्या पायऱ्या चढले. दार वॉकर धरलेल्या एका बुटक्या बाईंनी उघडलं. त्यांच्या मागे तो. मला बघून त्याने नजर फिरवली.

“आत्या, मी नर्सरीतली. तुमच्या सोनटक्क्याला फुलं नाहीत, ती माझ्यामुळे. मीच सावलीत ठेवायला सांगितलं.”

“सोनटक्क्याला? सावलीत?” आत्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “नर्सरीत असून तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मग का गं?”

तो आता माझ्याकडे बघत होता. माझे कान तापले होते.

“फुलं आली असती तर हे यायचे थांबले असते,” मी म्हणाले. “आणि मला… मला हे यायला हवे होते. दर शनिवारी. खरं तर रोजच.”

आत्यांनी वॉकर वळवून भाच्याकडे तोंड केलं.

“हिने सांगितलं आणि तू ठेवलंस?”

“हो.”

“मी ओरडून ओरडून मेले, तू कधी माझं एक ऐकलंस? डॉक्टरांचं ऐकलंस? स्वतःच्या आईचं?”

“नाही.”

“आणि हिचं ऐकलंस.”

“न्हाणीघरात, झरोक्याला पुठ्ठा लावून. अजून तिथेच आहे. ‘मी सांगेपर्यंत’ म्हणाल्या होत्या ना,” तो म्हणाला. त्याचे डोळे बारीक झाले होते.

आत्या हाश्श करून खुर्चीत टेकल्या.

“मग फुलं उशिरा आली तरी चालतील,” त्या म्हणाल्या. “आधी ती कुंडी बाहेर काढा दोघं.”

आम्ही न्हाणीघरात गेलो. कुंडी जड होती आणि जागा एवढीशी, तेव्हा हातांवर हात येणारच होते. त्याने काढून घेतले नाहीत. मीही नाही.

“रोज म्हणालीस ना मघाशी?” त्याने हळूच विचारलं. तुम्हीवरून तो तूवर कधी आला, ते त्यालाही कळलं नसावं.

“म्हणाले. पण आधी नीट धर. दांडे मोडशील.”

“कुठे ठेवायची?”

“खिडकीत. लगेच कडक उन्हात नको, रोज थोडी थोडी पुढे सरकवायची.”

“रोज किती?”

“वीतभर.”

“मला नाही जमणार ते,” तो म्हणाला. “तूच येऊन सरकव.”