मागच्या सीटवरचे एक्केचाळीस किलो

माझ्या दाजींना विमानाची भीती वाटते. नुसती बसायची नव्हे, विमानाचं तिकीट घरात आलं की त्यांचं पोट बिघडतं. अशा माणसाने पंचेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरवर विमान चालवायला शिकायचं ठरवलं. मी हसलो, तर ताई फोनवर म्हणाली, "हसू नको निक्या. शनिवारी ये आणि ते चालू करून दे."

मी एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला होता. तेव्हापासून मी आमच्या खानदानाचा इंजिनीअर आहे.

झालं होतं असं की ताईची बेंगळुरूला बदली झाली होती, बढती घेऊन. दाजींचं काम घरूनच चालतं, त्यामुळे जायला हरकत काहीच नव्हती. शुक्रवारी दुपारी एकची फ्लाइट. दाजी म्हणाले, आपण ट्रेनने जाऊ. ताई फरसबी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "विमानात माझ्या शेजारी बसलात तर बसलात. नाहीतर मी एकटी जाते आणि तिकडे एकटीच राहते." ताई ओरडते तेव्हा काही होत नाही. हे ती हळू बोलली होती.

मग दाजींनी कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं की विमान चालवायला शिकलं की विमानाची भीती जाते. कुत्र्याची भीती घालवायला कुणी भुंकायला शिकत नाही, पण दाजींनी पूर्ण सेट मागवला. वरचा भाग कुणीतरी खाल्ल्यासारखं दिसणारं अर्धं स्टिअरिंग, वेगाचा दांडा, पायातली पेडलं आणि दारातून आडवा करून आत घ्यावा लागलेला स्क्रीन.

मी शनिवारी संध्याकाळी सहाला भाईंदरला, इंद्रलोकमधल्या त्यांच्या घरी पोचलो. नवव्या मजल्यावरच्या आतल्या छोट्या खोलीत सगळं मांडलं होतं. दाजींची आई, अनसूयाकाकू, दोन वर्षांपूर्वी गेल्या. तोवर त्यांचा पलंग तिथेच होता. खिडकीतून मिठागरं दिसतात आणि त्यांच्यावरून मुंबईकडे उतरत जाणारी विमानं. दाजी इस्त्रीचा शर्ट इन करून बसले होते. पायात बूट. घरात.

"निकेत, विमान हलतच नाही."

"पार्किंग ब्रेक काढलात का?"

"तो काढायचा असतो?"

पहिला प्रॉब्लेम सुटला. दुसरा असा की वेगाचा दांडा मध्येच अडकत होता. उघडून पाहिलं तर खाचेत हळदकुंकू. दाजींनी त्याची साग्रसंगीत पूजा केली होती. मी फुंकर मारली, कुंकू माझ्याच डोळ्यात गेलं. तिसरा प्रॉब्लेम चाकाच्या खुर्चीचा. दाजींनी ब्रेकच्या पेडलवर पाय दाबला की विमानाऐवजी दाजीच मागे जायचे आणि कपाटावर आदळायचे. ताईने स्वयंपाकघरातून पाच स्टीलच्या वाट्या आणल्या आणि खुर्चीची पाचही चाकं त्यांत बसवली. बोइंगवाल्यांना हे सुचलं नसतं.

चौथा प्रॉब्लेम होता नाकाचा.

चार सीटांचं छोटं विमान होतं. जुहूच्या धावपट्टीवरून उडालं की नाक आपोआप वर जायचं. सरळ उडवायला स्टिअरिंग सतत पुढे दाबून धरावं लागे. दाजी तसं धरायला विसरत आणि नाक वर करून, वेग गमावून, समुद्रात पडत. मी स्टिअरिंग पुन्हा जुळवलं. कुणी हात लावलेला नसताना रीडिंग बरोबर शून्य होतं. म्हणजे दोष स्टिअरिंगचा नव्हता. मागे जड असलं की नाक वर जातं, म्हणून शेवटी मी सामानाचं पान उघडलं. तिथे कुठल्या सीटवर किती वजन बसलंय ते भरायचं असतं. पुढे डावीकडे पायलट, म्हणजे दाजींचे चौऱ्याऐंशी, ते खातं उघडतानाच भरलं होतं. पुढे उजवीकडे शून्य.

मागे डावीकडे एक्केचाळीस.

"हे कुणाला बसवलंत तुम्ही?"

"मी ते पान उघडलंच नाही," दाजी म्हणाले.

मी शून्य केलं. पान बंद करून उघडलं. एक्केचाळीस. पुन्हा शून्य, पुन्हा एक्केचाळीस. दाजी स्क्रीनकडे बघत राहिले, मग त्यांनी हळूच बूट काढले आणि खुर्चीखाली सरकवले. देवळात शिरताना काढतात तसे.

"दाजी, बग आहे. नेटवरून कुणाचं तरी सेटिंग आलं असणार."

"असेल," ते म्हणाले.

रविवारी मी परत गेलो. मागच्या सीटवर बेचाळीस होतं. मी नेट तोडलं, सेटिंगची फाइल उडवली, सगळं काढून नव्याने टाकलं. त्यात चार तास गेले. बेचाळीस. कंपनीला मेल केली. उत्तर आलं, कृपया कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. सोमवारी जवळजवळ त्रेचाळीस. मी दाजींना म्हटलं, तुमच्या विमानात जे कोण आहे ते चांगलं जेवतंय. दाजी हसले नाहीत. माझ्या विनोदांवर ते एरवीही हसत नाहीत, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

मंगळवारी मी ऑफिसमधून अर्धा दिवस काढून गेलो. पावणेपाच झाले होते. आकडा होता त्रेचाळीस पूर्णांक आठ. ताई चहा घेऊन आत आली. तिने तोपर्यंत ते पान पाहिलं नव्हतं. ट्रे हातातच धरून ती वाचत राहिली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पाच वाजू दे," ती म्हणाली.

"पाचला काय?"

आम्ही तिघे उभे राहून एका आकड्याकडे बघत होतो. चहावर साय धरली. पाच वाजून दोन मिनिटांनी, कुणीही माउसला हात लावलेला नसताना, त्रेचाळीस पूर्णांक आठचे एक्केचाळीस झाले.

ताई ट्रे तसाच घेऊन आत गेली. मी मागोमाग.

"ताई, हे काय आहे?"

"ड्राय वेट." तिने चहा सिंकमध्ये ओतला. "आईंचं डायलिसिस होतं ना नवघर रोडला. अंगात पाणी साठायचं, दिवसाला किलोभर. मशीनवर घालायच्या आधी वजन करायचे, काढल्यावर वजन करायचे. मंगळ, गुरु, शनि. पाच वाजता सोडायचे." तिने ट्रे नळाखाली धरला. "एक्केचाळीसवर आणूनच सोडायचे."

"योगायोग असेल."

"हो ना," ताई म्हणाली. "तू इंजिनीअर आहेस."

खोलीत दाजी हात मांडीवर ठेवून बसले होते. मला वाटलं घाबरलेत. मला ते चाललं असतं. पण त्यांचा चेहरा लाजल्यासारखा होता.

"तिला एकदा विमानात बसायचं होतं," ते म्हणाले. "डायलिसिसहून आली की इथे पडून विमानं मोजायची. गोव्याची तिकिटं काढली होती. दोन डायलिसिसच्या मधला दिवस बघून. मी एअरपोर्टच्या दारातून तिला परत आणलं. व्हीलचेअरसकट. सांगितलं, फ्लाइट कॅन्सल झाली."

"बरं."

"तिने बोर्ड वाचला होता. तिला वाचता येत होतं, निकेत." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "आणि शनिवारपासून मी तिला एकोणीस वेळा पाडलंय."

सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या आईला एकोणीस वेळा समुद्रात बुडवल्याबद्दल सांत्वन कसं करतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

"दाजी, पडतं ते चित्र असतं."

"वजन चित्रातलं नाहीये," ते म्हणाले. "ती खाली उतरल्याशिवाय मी कुठल्याच विमानात बसणार नाही. रुचिताला सांग."

मी ताईला सांगितलं. ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "माझं तिकीट वेगळं काढलेलं आहे," ती म्हणाली आणि पुढची कढई घेतली.

म्हणजे आता माझ्या बहिणीचा संसार एका व्हिडिओ गेमच्या लँडिंगवर अडकला होता. दाजींना लँडिंग येणं शक्य नव्हतं. त्यांना अजून गाडी रिव्हर्स घेता येत नाही, सोसायटीचा वॉचमन घेऊन देतो. मी रात्रभर मोबाइलवर लँडिंगचे व्हिडिओ पाहिले आणि बुधवारी दुपारी वाट्यांवरच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"सरका. मी उतरवतो त्यांना."

दाजी मागे भिंतीला टेकून उभे राहिले. ताई दारात. पंखा बंद केला होता, का ते आठवत नाही. मी सामानाचं पान एका कोपऱ्यात उघडं ठेवलं आणि जुहूहून उडालो.

डावीकडे समुद्र. खाली गोराई. पुढे उत्तन. नाक वर जात होतं, मी दाबून धरलं होतं. खालची गावं म्हणजे वरून काढलेले फोटो पसरून चिकटवलेले. किनाऱ्यावरच्या होड्या चपट्या, माणसं नाहीत. मी मनात म्हटलं, बघ, काही नाही, स्वस्तातला वॉलपेपर आहे.

उत्तन ओलांडलं आणि विमान उजवीकडे कललं.

मी स्टिअरिंग हलवलं नव्हतं. रीडिंग शून्य होतं. मी डावीकडे दाबून सरळ केलं, ते परत उजवीकडे झुकलं. कोपऱ्यातल्या पानावर नजर गेली. मागे डावीकडे शून्य होतं.

मागे उजवीकडे बेचाळीस.

"जागा बदलली," मी म्हणालो. माझा आवाज मला आवडला नाही.

"उजवीकडे काय आहे?" ताईने विचारलं.

मी बघितलं. उजव्या खिडकीत मिठागरं होती, खाडी होती, आणि अलीकडे इमारतींचा एक पुंजका.

"आपलं घर," दाजी म्हणाले.



भाईंदर मागे पडलं तसं विमान आपोआप सरळ झालं. आकडा पुन्हा डावीकडे गेला. मी वळलो. जुहूची धावपट्टी पुढे आली, हलली, मोठी झाली. विमान एकदा आपटलं, उडालं, दुसऱ्यांदा आपटलं आणि टेकलं. पळत पळत थांबलं.

मी इंजिन बंद केलं.

मागे डावीकडे शून्य. मागे उजवीकडे शून्य.

"उतरली ना?" दाजींनी विचारलं.

"उतरल्या."

त्यांनी स्क्रीनला हात जोडले. मग खाली बसले आणि मोठ्याने रडले. ताईने दारातूनच त्यांना बघितलं आणि आत जाऊन त्यांचे कपडे बॅगेत भरायला घेतले. मी स्वतःला शाबासकी दिली. कुणीतरी द्यायला हवी होती.

गुरुवारी दाजींनी दाढी केली, नखं कापली आणि दोनदा वेब चेक-इन केलं. शुक्रवारी सकाळी दहाला दोघे कॅबने निघाले. दाजींचं पोट उत्तम होतं. लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "तू नसतास तर," आणि वाक्य तिथेच सोडलं.

पॅकर्स दुपारी चारला यायचे होते. मी थांबलो, कॉम्प्युटर बांधायचा होता. बारा पन्नासला ताईचा मेसेज आला: बसलो. हे खिडकीशी बसलेत, स्वतःहून. तुला पार्टी.

मी तो दोनदा वाचला. मग छोट्या खोलीत गेलो.

कॉम्प्युटर चालू होता. दाजी कधी बंद करत नाहीत. सामानाचं पान समोर होतं.

मागे डावीकडे चौऱ्याऐंशी.

मागे उजवीकडे सत्तावन्न पूर्णांक चार. ताई सगळ्यांना पंचावन्न सांगते.

पुढे उजवीकडे शून्य. पुढे डावीकडे, पायलटच्या सीटवर, एक्केचाळीस पूर्णांक नऊ.

काल गुरुवार होता, मशीनचा दिवस. आज शुक्रवार. बरोबर होतं.

मी ताईला फोन लावला. बंद. दाजींना लावला. बंद. असणारच, विमानात आहेत. मी खुर्चीत बसलो आणि ते पान बंद करायचं बटण दाबलं. ते बंद झालं नाही. इंग्रजीत प्रश्न आला: केलेले बदल कायम करायचे?

खाली दोन बटणं. हो. नाही.

कुठल्या बटणाने ते दोघे सुखरूप उतरतील ते कळेना, मी माउसवरून हात काढला.

विमान पावणेतीनला उतरणार होतं. आता चार वाजून दहा मिनिटं झालीत. दोघांचे फोन अजून बंद आहेत. इंटरकॉमवर वॉचमन विचारतोय, पॅकर्सवाले आ गये, ऊपर भेजूं क्या. मी त्याला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

मी या पानावर काहीच बदललेलं नाही.